मधला खांब

अप्पांनी आयुष्यात सार्वजनिक म्हणावं असं एकच काम हाती घेतलं, आणि ते पूर्ण झालं. सगळा घोटाळा इथेच झाला. ते फायलीत सडलं असतं, साहेबांच्या बदलीत बारगळलं असतं, तर अप्पा आज चारचौघांसारखे सुखी असते आणि पालिकेला शिव्या द्यायला मोकळे असते. पण काम झालं, आणि आता शिव्या कोणाला द्यायच्या हा प्रश्न त्यांना सुटलेला नाही.

काम म्हणजे खांब. त्यांच्या इमारतीसमोर दोन रस्ते मिळतात तिथे फरशी घातलेली एक मोकळी जागा आहे. बाग म्हणावं तर झाड एकच, चौक म्हणावं तर पुतळा नाही, म्हणून सगळे तिला नुसतं 'कोपरा' म्हणतात. झाडाखाली दोन बाक होते. अप्पांच्या बायकोला सगळी इमारत काकू म्हणते, आणि सवयीने अधूनमधून अप्पाही. गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यावर काकूंना रोज चालायला सांगितलं होतं. काकू चालायच्या नाहीत. खुर्ची भिंतीकडे तोंड करून ठेवायच्या आणि बसून राहायच्या. मग एका संध्याकाळी काय मनात आलं कोण जाणे, काठी टेकत जिना उतरून त्या कोपऱ्यावरच्या बाकापर्यंत गेल्या. तिथे त्यांना आणखी दोघी भेटल्या, आणि त्यानंतर उन्हं उतरली की त्यांना घरात थोपवणं कठीण झालं. अप्पा गॅलरीतून बघायचे. बाकावर काकू हसायच्या. घरात अप्पांच्या विनोदाला त्या शेवटच्या कधी हसल्या होत्या हे अप्पांना आठवत नव्हतं, पण त्याबद्दल त्यांची तक्रार नव्हती. बाई कुठेतरी हसते आहे एवढ्यावर ते समाधानी होते.

अशात एक दिवस डॉक्टरांची गाडी कोपऱ्यावर चढली. हे डॉक्टर गुडघ्याचे नव्हेत, दातांचे. पहिल्या मजल्यावर राहतात आणि माणसाशी बोलताना त्याच्या डोळ्यांकडे न बघता तोंडात बघतात. गाडी लावताना त्यांचा पाय ब्रेकऐवजी ऍक्सिलरेटरवर पडला. गाडीने उसळी घेतली, फुटपाथ ओलांडला, एका बाकाचा चुरा केला आणि झाडाला धडकून थांबली. बाकावर कोणी नव्हतं. काकूंना चष्मा सापडत नव्हता म्हणून त्या अजून घरातच होत्या.

अप्पांची सगळी नोकरी विमा कंपनीत अपघातांचे दावे तपासण्यात गेलेली. 'ब्रेक दाबला पण गाडी पुढे गेली' हे वाक्य त्यांनी इतक्या वेगवेगळ्या अक्षरांत वाचलं होतं की ते ऐकताच त्यांचा हात आपोआप पेनाकडे जायचा. त्यामुळे ते खाली गेले ते विचारपूस करायला नव्हे, चौकशी करायला.

"ब्रेक दाबला होतात?"

"दाबला हो!" डॉक्टर घाम पुसत म्हणाले. "पण बाक इतका पुढे ठेवतात का कुणी?"

"बाक जागचा हललेला नाही, डॉक्टर."

"तेच म्हणतोय मी. हलवायला पाहिजे होता."

त्या दिवसापासून काकू खाली उतरेनात. "मी तिथे बसलेली असते तर?" एवढंच म्हणाल्या आणि खुर्ची पुन्हा भिंतीकडे फिरवली. त्या भिंतीवर बघण्यासारखं काय आहे हे अप्पांनी एकदा त्या आंघोळीला गेल्या असताना स्वतः बसून पाहिलं. काही नव्हतं. रंगाचा एक पोपडा होता, तोही लहानसा. उठताना त्यांनी ठरवलं की कोपऱ्याच्या कडेने खांब बसवून घ्यायचे, गाडी आत येणार नाही असे. बायको पुन्हा बाकावर जाऊन बसावी, यापलीकडे त्यांची काही महत्त्वाकांक्षा नव्हती. समाजसेवेचा किडा त्यांना कधीच चावला नव्हता, हे इथे मुद्दाम सांगून ठेवलेलं बरं.

आपल्याकडे माणूस आजारी पडला की औषध सांगायला लोक येतात, आणि काही काम करायला निघाला की ते का होणार नाही हे सांगायला येतात. सोसायटीच्या सेक्रेटरींनी मात्र उपाय सांगितला, हा त्यांचा मोठेपणा. "खांबांच्या भानगडीत कशाला पडता? कुंड्या ठेवा. शोभा पण होते, संरक्षण पण." अप्पांना ते पटलं. सिमेंटच्या मोठाल्या कुंड्या आणून त्यांनी फुटपाथच्या कडेने ओळीने मांडल्या, त्यांत झाडं लावली आणि सकाळी सदऱ्याच्या बाह्या सरसावून स्वतः पाणी घातलं. येणारेजाणारे "छान!" म्हणाले. तो सुखाचा काळ आठवडाभर टिकला.

मग सामान पोचवणारा एक टेम्पो मागे येताना कुंडीवर आदळला. कुंडी फुटली आणि टेम्पोचा मागचा दिवाही फुटला. "या कुंड्या कोणी ठेवल्या?" असं टेम्पोवाल्याने खाली उभं राहून ओरडून विचारलं, तेव्हा सगळ्या गॅलऱ्यांतून एकाच वेळी अप्पांकडे बोटं गेली. एरवी या इमारतीचं गच्चीच्या कुलुपावरसुद्धा एकमत होत नाही. टेम्पोवाला अप्पांना नाही नाही ते बोलला. जाताना तो पालिकेत तक्रार करून गेला असावा, कारण पाठोपाठ अप्पांच्या नावाने नोटीस आली: सार्वजनिक जागेवर कुंड्या मांडून अतिक्रमण केल्याबद्दल खुलासा करावा. त्याच जागेत गाडी घुसली तेव्हा पालिकेला जागा आपली आहे हे आठवलं नव्हतं. कुंडी ठेवल्यावर लगेच आठवलं. ज्या माणसाने जन्मभर दुसऱ्यांकडून खुलासे मागवले, त्याच्या हातात हा कागद पडला. त्या दिवशी अप्पा जेवले नाहीत. काकूंनी आग्रह केला नाही, ही गोष्ट त्यांना कुंडीपेक्षा जास्त लागली.

खुलासा द्यायला गेलेच आहोत तर खांबांचंही विचारून घ्यावं, म्हणून त्यांनी पालिकेत विषय काढला. फरशी रस्ते विभागाची, बाक उद्यान विभागाचा आणि आत शिरली ती गाडी, म्हणजे वाहतूक विभागाची, असं त्यांना समजावून सांगण्यात आलं. तिन्ही विभाग एकाच जिन्यावर होते, पण एकमेकांशी बोलत नव्हते. सगळ्यात वरच्या मजल्यावर वाहतूक विभागाच्या साहेबांनी त्यांना खुर्ची दिली, तेव्हा अप्पांना भरून आलं.

"जखमी किती?" साहेबांनी विचारलं.

"कोणी नाही, देवाच्या कृपेने."

साहेबांनी पेन खाली ठेवलं. "मग कसं करायचं, काका?"

"म्हणजे कोणी जखमी व्हायला पाहिजे होतं?"

"पाहिजे होतं असं कोण म्हणतंय? पण असतं तर वर लिहिता आलं असतं. बाकाबद्दल काय लिहू?" साहेबांनी खरोखर विचार करून पाहिला. माणूस वाईट नव्हता. "पुढे काही झालं तर मात्र लगेच या. तेव्हा थांबायला लावणार नाही."

अप्पा जिना उतरले ते प्रत्येक पायरीला साहेबांच्या घराण्यातल्या एकेका माणसाचा उद्धार करत. ही भाषा आपल्याला येते हे त्यांना त्या दिवशीच कळलं.

इमारतीच्या दारात त्यांना सर्वज्ञ भेटले. तिसऱ्या मजल्यावरच्या या गृहस्थांचं खरं नाव फक्त त्यांच्या दारावरच्या पाटीला माहीत असेल. जगातली यच्चयावत माहिती त्यांना मोबाइलवर दिसते आणि दिसलेली प्रत्येक गोष्ट ते जिन्यात उभं राहून सांगतात. त्यांनी अप्पांच्या हातातला खांबांसाठीचा अर्ज वाचला आणि कीव केल्यासारखं हसले.

"अपघात काय लिहिताय, अप्पा? अपघाताला कोण घाबरतं? हल्ला लिहा. जगभर काय चाललंय, गर्दीत गाड्या घालतायत लोक. 'वाहनाद्वारे हल्ल्याची शक्यता' असं लिहा, मग बघा."

"आपल्या कोपऱ्यावर कोण हल्ला करणार? तीन म्हाताऱ्या बसतात तिथे."

"तेच तर! कुणाला संशय येईल का सांगा?"

या युक्तिवादापुढे अप्पांचं काही चालेना. शिवाय चप्पल झिजली होती आणि माणूस इरेला पेटला होता. त्यांनी नवा अर्ज लिहिला, त्यात ते वाक्य घातलं आणि खाली विमा कंपनीतल्या सवयीने झोकात सही ठोकली.

या अर्जाचा परिणाम मात्र ताबडतोब झाला. सकाळी सकाळी दोन पोलीस दारात उभे राहिले. शेजारच्या दारांच्या फटी किलकिल्या झाल्या.

"हल्ला कोण करणार आहे?" मोठ्या पोलिसाने सोफ्यावर बसत विचारलं.

"कोणी नाही."

"मग लिहिलंत कसं?"

"शक्यता लिहिली."

"तेच विचारतोय. ही शक्यता तुमच्या कानावर आली कुठून?"

सर्वज्ञांचं नाव सांगावं तर भित्रेपणा दिसतो आणि न सांगावं तर आपणच कटात आहोत असं दिसतं, अशा कात्रीत अप्पा सापडले. गेल्या वर्षभरात घरी कोण कोण आलं, घरात दाढी कोण करतं, खत कशासाठी आणलं होतं असे प्रश्न सुरू झाले. खत कुंड्यांसाठी आणलं होतं, पण कुंड्या तर पालिकेने उचलून नेलेल्या! इतक्यात भिंतीकडे तोंड करून बसलेल्या काकू मान न वळवता म्हणाल्या, "पहिल्या मजल्यावरच्या दाताच्या डॉक्टरांना विचारा. गाडी घेऊन तेच आले होते."

पोलीस पहिल्या मजल्यावर गेले. त्यांनी डॉक्टरांना सगळ्या इमारतीसमोर गाडीची डिकी उघडायला लावली. डिकीत जुने जबडे निघाले, प्लास्टरचे. तेव्हापासून डॉक्टरांनी अप्पांशी बोलणं टाकलं, आणि अप्पांची अक्कलदाढ त्यानंतर दुसरीकडे काढावी लागली.

पण खांब मंजूर झाले! 'हल्ला' हा शब्द असलेली फाइल आपल्या टेबलावर नको म्हणून प्रत्येकाने ती पुढच्याकडे ढकलली, आणि ढकलता ढकलता ती अशा एका साहेबांकडे पोचली की ज्यांच्यापुढे ढकलायला टेबलच उरलं नव्हतं. त्यांनी सुटका करून घेण्यासाठी सही केली. कंत्राटदाराची माणसं आली. खड्डे खणताना त्यांनी पाण्याचा नळ फोडला, इमारतीचं पाणी गेलं आणि लोक बादल्या घेऊन जाताना अप्पांकडे बघत गेले. अप्पांनी तेही गिळलं. शेवटी कोपऱ्याच्या कडेने कंबरेइतक्या उंचीचे भक्कम लोखंडी खांब उभे राहिले. दोन खांबांतून माणूस जाईल, काठी जाईल, चाकाची खुर्ची जाईल, पण गाडी जाणार नाही असा हिशेब होता. फक्त मधला खांब काढता येण्याजोगा होता. वेळ पडली तर ऍम्ब्युलन्स आत गेली पाहिजे असा नियम, म्हणून त्याच्या बुडाशी कुलूप होतं.

"किल्ली कोणाकडे देऊ? जबाबदार माणूस कोण आहे?" कंत्राटदाराने विचारलं, आणि बघता बघता भोवतीची गर्दी पांगली. किल्ली अप्पांकडे आली.

त्या संध्याकाळी काकू खाली उतरल्या. एकेका खांबावर काठीने ठोकून पाहिलं, भाजीवाल्याकडे नारळ बघतात तसं. मग उरलेल्या बाकावर बसल्या. त्या दोघीही आल्या. थोड्या वेळाने तिघी कशावर तरी इतक्या हसल्या की काकूंनी पदर तोंडाला लावला. अप्पा गॅलरीत उभे होते. त्यांचे डोळे भरून आले आणि त्यांना सगळ्यांचं सगळं माफ करावंसं वाटलं, टेम्पोवाल्याचंसुद्धा.

इथे थांबता आलं असतं तर बरं झालं असतं.

महिना गेला असेल. सेक्रेटरी किल्ली मागायला आले. डॉक्टरांना हवी होती, पण डॉक्टर बोलत नसल्यामुळे सेक्रेटरी आले होते. "ते डॉक्टर आहेत, अप्पा. इमर्जन्सी येते त्यांना."

"दाताची कसली इमर्जन्सी?"

"तुमचा दुखेल तेव्हा कळेल."

अप्पांनी नाही म्हटलं. झालं! सोसायटीची खास सभा बोलावण्यात आली. एरवी सभेला माणसं गोळा करायला घंटा वाजवावी लागते, या सभेला खुर्च्या कमी पडल्या. सार्वजनिक जागेची किल्ली एका माणसाच्या घरात का? हा कोपरा काय अप्पांच्या वडिलांनी घेऊन ठेवला आहे? पोलिसांत ज्यांचं नाव आहे त्यांच्याकडेच किल्ली असावी का, असंही कोणीतरी मागून बोललं. अप्पा उभे राहिले. खांब कशासाठी लावले, बाकावर कोण बसतं, हे त्यांनी सांगायला सुरुवात केली, पण सेक्रेटरींनी त्यांना वेळेचं भान ठेवायला सांगितलं. शेवटी समानतेच्या तत्त्वावर असं ठरलं की प्रत्येक घराला एकेक किल्ली द्यायची. विरोधात एकच हात वर होता, आणि तो दुखायला लागला म्हणून अप्पांनी खाली घेतला.

डॉक्टरांनी त्याच दिवशी गाडी आत लावली. पाच मिनिटांसाठी, असं त्यांनी झाडाकडे बघून जाहीर केलं. मग सेक्रेटरींची गाडी आली. सर्वज्ञांनी नवी गाडी घेतली आणि पेढ्याचा पुडा अप्पांच्या हातात देऊन मनापासून आभार मानले. "शहरात इतकी सुरक्षित जागा नाही, अप्पा! बाहेरून ट्रक आला तरी धक्का लागायचा नाही. तुमची कृपा."

गाड्या मावेनात तेव्हा बाक कोपऱ्यामागच्या भिंतीला सरकवण्यात आला. काकूंच्या दोघींपैकी एक यायची बंद झाली. तिला धुराने खोकला लागे. दुसरी काही दिवस आली आणि मग तिचंही येणं थांबलं. काकू मात्र जात राहिल्या. अप्पांनी एवढं केलं आहे तर आपण गेलं पाहिजे, असं त्यांना वाटत असावं. एका संध्याकाळी डॉक्टर गाडी मागे घेत होते. त्यांनी हॉर्न दिला, काच खाली केली आणि म्हणाले, "काकू, पाय जरा वर घेता?" काकूंनी काठी बाजूला ठेवली, ऑपरेशन झालेला पाय दोन्ही हातांनी धरून उचलला आणि गाडी जाईपर्यंत तसाच धरून ठेवला.

अप्पांनी हे वरून पाहिलं. त्यांना इतका संताप आला की हातातला पेला त्यांनी आपटला. तो स्टीलचा असल्यामुळे नुसताच वाजला.

ते पुन्हा पालिकेत गेले. खांबांच्या आत गाड्या लागतात, असं त्यांनी सांगितलं. तेच साहेब होते, तीच खुर्ची त्यांनी दिली.

"हल्ला झाला का, काका?"

"नाही."

"अपघात?"

"नाही."

"म्हणजे योजना यशस्वी आहे." साहेबांनी फाइलवर तसा शेरा मारला आणि ती बंद केली.

आता कायद्याच्या वाटेने जाण्यात अर्थ नाही हे अप्पांना कळून चुकलं. जन्मात सिग्नल न मोडलेल्या या माणसाने मनाशी एक बेत केला. रविवारी सकाळी निम्म्या गाड्या फिरायला बाहेर जातात. त्या वेळी खाली जायचं, मधल्या खांबाच्या कुलपात सिमेंट ओतायचं आणि वर येऊन पेपर वाचत बसायचं. बोलणाऱ्यांना बोलू द्यायचं. कोपऱ्यात अडकून पडणाऱ्या गाड्यांचं काय, हा प्रश्न त्यांनी सुचताच झटकून टाकला. ते गवंड्याकडून सिमेंट घेऊन आले. काकूंना काही सांगितलं नाही.

काकूंनीही त्यांना काही सांगितलं नव्हतं. तीन तासांच्या अंतरावरच्या गावात राहणारा त्यांचा मुलगा वर्षातून दोनदा यायचा आणि आला की त्याचं लक्ष घड्याळाकडे असायचं. गाडी रस्त्यावर लावलीय, कोणी उचलून नेईल, ओरखडा काढेल, असं म्हणत अर्धा चहा टाकून निघायचा. काकूंनी त्याला फोनवर एवढंच कळवलं होतं की आता लावायला जागा झाली आहे.

रविवारी अप्पा बादलीत सिमेंट कालवून, बादलीवर वर्तमानपत्र टाकून खाली उतरले. कोपऱ्यावर कोणी नव्हतं. डॉक्टरांची गाडी नव्हती, सर्वज्ञांची नव्हती. सेक्रेटरींची एकटीच होती, तिची त्यांना फिकीर नव्हती. ते मधल्या खांबापाशी वाकले, गुडघे कडकडले, आणि पाठीमागे हॉर्न वाजला.

"बाबा! इथे काय करताय?" मुलगा काच खाली करून हसत होता. मागच्या सीटवरून नात "आजोबा!" म्हणून ओरडली. "आई म्हणाली जागा आहे. किल्ली आणलीत का?"

अप्पांनी बादलीवरचं वर्तमानपत्र सारखं केलं. तोवर वरून आवाज आला. काकू गॅलरीत उभ्या होत्या, ठेवणीतली साडी नेसून, काठीशिवाय, कठड्याला धरून. त्यांना असं ताठ उभं राहिलेलं अप्पांनी कित्येक दिवसांत पाहिलं नव्हतं.

"अहो, ही घ्या किल्ली! झेला!"

किल्ली खाली पडली ती बादलीशेजारी.

"अगं, पण..." अप्पा वर बघून म्हणाले.

"पण काय? सगळ्यांच्या गाड्या लागतात, आपल्याच लेकराची का बाहेर? आज दिवसभर राहणारेत ते!"

अप्पांनी वर पाहिलं. काकू हसत होत्या, बाकावर हसायच्या तशाच. ते वाकले. किल्ली उचलून त्यांनी कुलूप काढलं, मधला खांब दोन्ही हातांनी उपटून बाजूला आडवा ठेवला, आणि बादली गाडीच्या चाकाखाली येऊ नये म्हणून एका हातात घेतली.

मुलाने गाडी वळवून मागे घ्यायला सुरुवात केली. अप्पा बाकापाशी जाऊन उभे राहिले आणि मोकळ्या हाताने खुणा करू लागले. "येऊ दे... येऊ दे... डावीकडे घे थोडी... येऊ दे..." हातातली बादली जड होत चालली होती. गाडीचा मागचा बंपर बाकाच्या फळीला टेकला, बाक भिंतीशी घासला आणि फळी कर्रकन वाजली.

"बस्स," अप्पा म्हणाले.

"मावली का हो नीट?" काकूंनी वरून विचारलं.

"मावली," अप्पा म्हणाले.